गोव्यात स्वतःचा ट्रक घ्यायचाय? मग आधी पैशाचं हे गणित मांडा

हे त्यांच्यासाठी लिहितोय ज्यांनी दुसऱ्याच्या गाडीवर काही वर्षं स्टेअरिंग धरलंय आणि आता डोक्यात घोळतंय की आपलीच गाडी घ्यावी, शेठ कमावतो ते आपणच का नको. विचार चुकीचा नाही, पण शेठला भाडं किती मिळतं ते ड्रायव्हरला दिसतं, शेठच्या खात्यातून काय काय कटतं ते दिसत नाही, आणि स्वतः मालक झाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत ते सगळं एकदम अंगावर येतं. म्हणून एकेक करून बघू.

आधी काम बघा, गाडी नंतर

बहुतेक लोक उलटं करतात. आधी शोरूममध्ये जातात, डाऊन पेमेंट भरतात, गाडीला हार घालून देवळात नेतात आणि मग भाडं शोधायला निघतात. गोव्यात याची किंमत डिचोली, सत्तरी, सांगे, केप्यातल्या घराघराने मोजलीय. खाणींच्या तेजीत टिपरवर टिपर घेतले गेले, २०१२ च्या सप्टेंबरात काम थांबलं, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाची बंदी आली, २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून ती उठली, गाड्या परत चालू व्हायला २०१५ उजाडलं, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये खाणींच्या ८८ लीज रद्द झाल्या नि १६ मार्चपासून परत सगळं ठप्प. हप्ते मात्र चालूच होते. आता लिलाव होऊन २०२४ पासून काही ब्लॉक सुरू झालेत आणि लोक पुन्हा विचारतात, खाणीवर टिपर लावू का? लावा, पण फक्त त्याच्या भरवशावर चार वर्षांचं कर्ज काढू नका. टिपरची अडचण अशी की माल वाहायचं काम गेलं तर त्यात खडी-माती सोडून दुसरं फारसं काही भरता येत नाही. फाळक्याची ओपन बॉडी असेल तर सिमेंट, सळया, चिरे, खत, भाजीचे क्रेट, जे मिळेल ते भरता येतं.

मग काम कुठे आहे? वेर्णा, कुंडई, बेतोडा, पिसुर्ले, तुये, कुंकळ्ळी अशा इंडस्ट्रियल इस्टेटींमध्ये, वास्कोला मुरगाव पोर्टवर, झुआरीनगरच्या खतावर, आणि बांधकामाच्या मालावर. तिथे आठवडाभर नुसतं फिरा, चहाच्या गाड्यावर बसा, कुठल्या रूटला कुठली गाडी लागते, पेमेंट किती दिवसांनी येतं, ट्रकवाल्यांची संघटना आहे का, नंबर लावावा लागतो का, हे विचारा. ट्रान्सपोर्टवाल्याला विचारलं तर तो म्हणणार "गाडी आणा, काम भरपूर आहे". त्याचं काय जातं? तिथे उभ्या असलेल्या ड्रायव्हरला विचारा, तो खरं सांगेल, शिव्या घालत सांगेल पण खरं सांगेल.

गोव्याचं एक वेगळं दुखणं आहे, ते नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. इथे येणारा माल जास्त, जाणारा कमी. बेळगावची भाजी, बाहेरचं सिमेंट, स्टील, टाईल्स, सिंधुदुर्गातले चिरे, सगळं भरून येतं. माल खाली केला की त्या गाड्यांना परत जायचंच असतं, रिकामं जाण्यापेक्षा डिझेल सुटलं तरी बस म्हणून ते पडेल भावात भरतात. म्हणजे तुमचं जे मेन भाडं, ते त्यांचं रिटर्न भाडं. वेर्ण्याहून पुण्याला जायचा रेट तुम्ही एकटे ठरवूच शकत नाही, तुमची स्पर्धा असते ती येतानाच खर्च काढून बसलेल्या गाडीशी. म्हणून गोव्याच्या मालकाने विचार उलटा करायचा, बाहेरून गोव्यात येणारं भाडं आधी पक्कं करायचं, पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, जिथे ओळख लागेल तिथे. जाणारं भाडं मग जमेल तसं.

गाडी बघताना

पहिली गाडी शक्यतो सेकंड हँडच घ्या असं माझं मत, पण आंधळेपणाने नाही. सरकारच्या वाहन आणि ई-चलन पोर्टलवर नंबर टाकून एचपी (कर्जाचा बोजा) कोणाचं आहे, टॅक्स, पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी), इन्शुरन्स कधीपर्यंत आहे आणि ई-चलनं किती पेंडिंग आहेत ते बघा, चलनांचा आकडा बघून कधी कधी घाम फुटतो. महाराष्ट्र किंवा कर्नाटकात नोंदलेली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, इथला टॅक्स, नवीन नंबर हा खर्च आणि एक-दोन महिन्यांची धावपळ किमतीत धरा.

वयाचं लक्षात ठेवा. दोन एक्सलच्या गाडीला १२ वर्षांनंतर नॅशनल परमिट (दुसऱ्या राज्यांत माल न्यायची परवानगी) मिळत नाही, मल्टी एक्सलला १५. म्हणजे दोन एक्सलची दहा वर्षांची गाडी स्वस्तात मिळाली नि चार वर्षांचं कर्ज काढलं तर शेवटची दोन वर्षं गाडी गोव्याबाहेरच्या कामाला लागणार नाही आणि हप्ता मात्र तोच. पासिंगसुद्धा आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी असतं, पुढे दरवर्षी.

मेकॅनिक स्वतःचा न्या. चॅसीला वेल्डिंग मारलंय का, पाट्यांमध्ये, म्हणजे स्प्रिंगमध्ये किती पानं नवीन घातलीत, टायर रिसोल (जुन्यावर नवं रबर चढवलेले) आहेत का, हे तोच सांगेल. खाणीवर चाललेली गाडी असेल तर चॅसी दोनदा बघा.

कर्ज

फायनान्सवाला म्हणतो "फक्त ८ टक्के". तो फ्लॅट रेट असतो. १५ लाखांवर ८ टक्क्याने चार वर्षांचं व्याज ४ लाख ८० हजार, एकूण १९ लाख ८० हजार, भागिले ४८, हप्ता ४१,२५०. आता गंमत बघा, तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडताय पण व्याज पूर्ण १५ लाखांवरच चालू आहे. बँकेच्या भाषेत, म्हणजे रिड्युसिंगने, उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरून हिशोब केला तर हे १४ टक्क्यांच्या वर जातं. म्हणून विचारायचं एकच, "रिड्युसिंगने किती आणि एपीआर, म्हणजे सगळ्या फी धरून वर्षाचा दर किती?" ऑक्टोबर २०२४ पासून कर्ज देणाऱ्याने केएफएस (की फॅक्ट स्टेटमेंट) नावाचा एक कागद द्यावाच लागतो, त्यात वर्षाचा खरा दर, प्रोसेसिंग फी, इन्शुरन्सच्या नावाने कापलेले पैसे, लेट झाल्यावरचा दंड सगळं लिहिलेलं असतं. सही करण्याआधी तो कागद घरी न्या, पोरांपैकी कोणी कॉमर्सवालं असेल तर वाचून घ्या.

राष्ट्रीयीकृत बँक किंवा इथली सहकारी बँक आधी विचारा, केंद्राच्या मुद्रा कर्ज योजनेत तरुण गटात १० लाखांपर्यंत तारण न देता मिळू शकतं, ईडीसी या गोवा सरकारच्या वित्त महामंडळाच्या मुख्यमंत्री रोजगार योजनेचीही पणजीला चौकशी करा. बँक कागद जास्त मागते, हेलपाटे घालायला लावते, वैताग येतो. पण व्याजातल्या चार-पाच टक्क्यांच्या फरकासाठी तेवढे हेलपाटे परवडतात. आणि डाऊन पेमेंटसाठी बायकोचं सोनं किंवा सोसायटीचं दुसरं कर्ज काढावं लागत असेल तर मग अजून वर्षभर दुसऱ्याच्या गाडीवर थांबा, कारण अशाने धंदा सुरू व्हायच्या आधीच दोन हप्ते मागे लागतात.

अजून एक विचारून बघा, हप्ते सीझनप्रमाणे बांधून मिळतील का, पावसाचे चार महिने कमी आणि नोव्हेंबर ते मे जास्त. काही जण देतात. विचारलं नाही तर कोणी स्वतःहून सांगत नाही.

उभ्या गाडीचा रोजचा आकडा

हा भाग नीट वाचा, बाकी विसरलात तरी चालेल.

गाडी चालो न चालो, काही पैसे जातातच. वरच्याच उदाहरणात साडेअठरा टनाची दोन एक्सल गाडी धरू. हप्ता ४१,२५०. इन्शुरन्स, १२ ते २० टनाच्या मालगाडीचं नुसतं थर्ड पार्टीच ३५,३१३ आहे २०२२ च्या दराने, त्यावर जीएसटी आणि ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा), म्हणजे वर्षाला ७२ हजार धरा, महिन्याला ६,०००. नॅशनल परमिट वर्षाला १६,५००, महिन्याला १,३७५. रोड टॅक्स, पासिंग, पीयूसी वगैरे मिळून १,५०० धरू. झाले पन्नास हजार. आता स्वतःचा पगार, हा कोणीच धरत नाही, म्हणतात "मीच तर चालवतो". अरे, दुसऱ्याच्या गाडीवर गेला असतात तर पगार मिळालाच असता ना? २० हजार धरा. सत्तर हजार झाले. महिन्यात गाडी खरोखर कामावर असते वीस दिवस, बाकी लोडिंगची वाट, रविवार, गॅरेज. सत्तर भागिले वीस, दिवसाला साडेतीन हजार.

हा तुमचा आकडा. तुमच्या गाडीचा वेगळा येईल, पण काढाच आणि डॅशबोर्डवर लिहून ठेवा.

आता वेर्णा ते पुणे बघू, साधारण साडेचारशे किलोमीटर. भरलेली गाडी लिटरला साडेचार देते असं धरलं तर १०० लिटर, डिझेल ९० रुपये धरू, ९ हजार. येताना भरून तेवढंच, ९ हजार. टोल जाऊन येऊन ३ हजारांच्या आसपास. टायर हा खर्च लोक टायर फुटला की मोजतात, तो रोज मोजायचा असतो, सहा टायर वीस-वीस हजाराचे आणि ६० हजार किलोमीटर चालले तर किलोमीटरला २ रुपये, सर्व्हिसिंग, ऑईल, लायनर, ग्रीसिंग, बीएस सिक्स असेल तर डीईएफ (धूर साफ करायचं द्रावण) मिळून अजून दीड रुपया, म्हणजे ९०० किलोमीटरला ३,१५०. जेवण, पार्किंग, ताडपत्री-दोरी, गेटवरचे किरकोळ, दीड हजार. तीन दिवस गेले त्याचे साडेदहा हजार. बेरीज ३६,१५०.

म्हणजे जाताना २० हजार आणि येताना १६ हजार मिळाले तर तुम्ही कसेबसे बरोबरीत आहात. रिकामे आलात तर डिझेल थोडं कमी लागेल, सहाच्या ॲव्हरेजने ७५ लिटर, पण खर्च तरी ३४ हजारांच्या घरात आणि हातात २० हजार. आणि पुण्यात रिटर्नची वाट बघत दोन दिवस थांबलात तर अजून ७ हजार गेले, म्हणजे १६ हजाराचं भाडं ९ हजाराचं झालं. तिसऱ्या दिवसाची वाट बघायची की १३ हजारात आज भरायचं, याचं उत्तर हा आकडा देतो. ब्रोकर म्हणेल "उद्या चांगलं भाडं देतो", त्याचा उद्या फुकट असतो, तुमचा साडेतीन हजाराचा.

ॲव्हरेज मात्र स्वतः मोजा. टाकी फुल करा, किलोमीटर लिहा, पुढच्या वेळी परत फुल करून जेवढे लिटर बसले त्याने भागा. शक्यतो एकाच पंपावर. अचानक अर्धा-पाऊण कमी झालं तर टायरमधली हवा, एअर फिल्टर, नोझल, ब्रेक चिकटतोय का बघा, आणि ड्रायव्हर ठेवला असेल तर, बरं, ते तुम्हाला माहीत आहेच, तुम्ही पण ड्रायव्हरच होतात.

भाडं ठरवताना आणि नंतर वसूल करताना

फोनवर ठरलं की लगेच व्हॉट्सॲपवर टाका: कुठून कुठे, किती टन, भाडं किती, ॲडव्हान्स किती, बॅलन्स किती दिवसांत, हमाली कोणाची, आणि गाडी खाली व्हायला एक दिवसापेक्षा जास्त लागला तर हॉल्टिंग (थांबल्याचे पैसे) किती. समोरच्याने "ओके" टाकलं तरी पुरे. डिझेल आणि टोल निघेल एवढा ॲडव्हान्स घेतल्याशिवाय गेटमधून गाडी हलवायची नाही, नाहीतर तुम्ही स्वतःच्या पैशाने त्याचा माल पोचवताय.

पोच पावती म्हणजे पैसे. तिकडे गोडाऊनमध्ये पोचलात की गेटवर गाडीचा नंबर दिसेल असा फोटो काढा, वेळ येते त्यात. खाली झाल्यावर पावतीवर सही, शिक्का, तारीख, आत आल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ लिहून घ्या. सिक्युरिटीवाला कंटाळा करतो, शिक्का साहेबाकडे आहे म्हणतो, साहेब जेवायला गेलेला असतो. थांबा. शिक्क्याशिवाय निघालात की महिन्याभराने ऐकायला मिळतं "दोन बॅगा शॉर्ट होत्या, तीन हजार कापले" आणि तुमच्याकडे दाखवायला काही नसतं. ओरिजिनल देण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा, आणि ई-वे बिलाची (जीएसटीच्या माल वाहतूक पासाची) मुदतही निघतानाच बघा, २०० किलोमीटरला एक दिवस या हिशोबाने असते, गाडी घाटात बंद पडली तर मुदत वाढवून घ्यायला ट्रान्सपोर्टवाल्याला वेळेत फोन करायला हवा.

उधारी. डिझेल आज रोख, टोल फास्टॅगमधून आज, हप्ता ५ तारखेला, आणि बॅलन्स साठ दिवसांनी, नव्वद दिवसांनी, "पार्टीकडून आलं नाही भाऊ". कागदावर फायद्यात असलेले मालक या फटीत बुडतात. तीन-चार ट्रिपांचे बॅलन्स एकाच माणसाकडे अडकले की तुम्ही त्याला नाही म्हणू शकत नाही, नाही म्हटलं तर जुने पैसे बुडतील ही भीती. म्हणून सुरुवातीपासून नियम ठेवा, एका पार्टीकडे दोन ट्रिपांपेक्षा जास्त बॅलन्स नाही, तिसरी भरायची तर पहिलीचे पैसे आधी.

यात एक सरकारी हत्यार आहे, फार थोडे लोक वापरतात. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी करा, आधार आणि पॅनवर ऑनलाइन होतं, एक पैसा लागत नाही, सायबर कॅफेवाला हजार मागेल तर देऊ नका. त्यानंतर तुम्ही सूक्ष्म उद्योग, आणि २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे तुमचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यायला लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज. सरकारकडे ऑनलाइन तक्रार करता येते. आता तुम्ही म्हणाल, ज्याच्याकडून भाडं मिळतं त्याच्यावर तक्रार कोण करणार? बरोबर आहे. पण १ एप्रिल २०२४ पासून इन्कम टॅक्सचा नियमही आलाय, या मुदतीत पैसे दिले नाहीत तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च समोरच्या पार्टीला धरता येत नाही, म्हणजे टॅक्स त्यांना जास्त बसतो. म्हणून बिलावर उद्यम नंबर छापा आणि फेब्रुवारीत, मार्चअखेरच्या आधी, एकदा गोड आवाजात त्यांच्या अकाउंटंटला आठवण करून द्या. भांडण न करता काम होतं बरेचदा.

ओव्हरलोड

"तीन टन जास्त घे, टनाला दोन हजार देतो." सहा हजार मिळाले. पकडलं तर दंड २० हजार आणि वर प्रत्येक जास्तीच्या टनाला २ हजार, म्हणजे २६ हजार, शिवाय जास्तीचा माल तिथेच उतरवायचा. आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाला क्लेममध्ये खुसपट काढायला टपलेलाच असतो. पाटे, टायर, क्लच यांचं नुकसान तर मोजतच नाही कोणी.

टॅक्स

घाबरू नका, हे सोपं आहे. दहापर्यंत गाड्या असणाऱ्याला अंदाजे उत्पन्नाची सोय आहे, सीएला ४४एई म्हटलं की कळतं. १२ टनाच्या वरच्या गाडीला टनामागे महिन्याला १ हजार उत्पन्न धरतात, साडेअठरा टनाला महिन्याला १८,५००, वर्षाला २ लाख २२ हजार, हिशोबाच्या वह्या ठेवायची सक्ती नाही. एवढ्यावर टॅक्स काही लागत नाही, तरी रिटर्न भराच, दुसरी गाडी घ्यायला बँकेत जाल तेव्हा ते तीन वर्षांचे रिटर्नच कामाला येतात. ट्रान्सपोर्टवाल्याला पॅन आणि "माझ्याकडे दहापेक्षा जास्त गाड्या नाहीत" असं लिहून दिलं की टीडीएस कापायचा नसतो. दिलं नाही तर कापतो, आणि मग रिफंडच्या मागे लागा.

पाऊस, चवथ आणि आजारपण

जून ते सप्टेंबर खाणी बंद, बांधकाम मंद, अनमोड नाहीतर चोर्ला घाटात दरड किंवा चिखल, कधी जड वाहनांना बंदीच. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला कोण गाडी काढत नाही, आणि काढू पण नये. तेव्हा ऑक्टोबर ते मे दर ट्रिपमागे हजार-दीड हजार वेगळ्या खात्यात टाका, एटीएम कार्ड घरी ठेवून. निदान दोन हप्ते त्यात असल्याशिवाय पावसात शिरू नका. पासिंग, डेंटिंग, पाट्यांचं काम पावसातच उरका, गाडी तशीही उभी असते.

गाडीचा इन्शुरन्स सगळे काढतात कारण पोलीस विचारतात, स्वतःचा कोणी विचारत नाही. पॉलिसीत मालक-ड्रायव्हरचं १५ लाखांचं पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर आहे का बघा, लायसन्स चालू नसेल तर ते मिळत नाही, आणि ट्रान्सपोर्ट लायसन्स पाच वर्षांनी संपतं हे विसरायला होतं. बँकेतून वर्षाला २० रुपयात २ लाखांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयात २ लाखांचा जीवन विमा मिळतो, दोन्ही घ्या. गोव्यात पाच वर्षं राहत असाल तर दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड रिन्यू ठेवा, ट्रकवाल्याची कंबर कधी ना कधी बोलतेच.

हप्ता चुकायला लागला तर

पहिला चुकायच्या आधीच जा. फोन उचलायचं बंद करणं ही सगळ्यात महागडी गोष्ट. ब्रँच मॅनेजरला भेटून, पेंडिंग बिलं दाखवून, मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा, आणि जे ठरेल ते मेलवर घ्या. तोंडी "बघू" चालणार नाही. गाडी ओढून न्यायची तरी आधी नोटीस द्यावी लागते, विकण्याआधी पैसे भरायची शेवटची संधी द्यावी लागते, रस्त्यात चार माणसं येऊन चावी हिसकावून घेतात ते नियमात बसत नाही. कंपनीकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला फी नाही, वकील नाही. खाजगी सावकाराकडून महिन्याला पाच टक्क्यांनी घेऊन हप्ता भरू नका, वर्षाचे साठ टक्के होतात ते, कुठलंच भाडं तेवढं देत नाही.

आणि तीन महिने सलग वहीत स्वतःचा पगार निघत नसेल, तर कंपनीने गाडी न्यायच्या आधी स्वतःच विका, तुम्ही विकलेल्या आणि यार्डात लिलावात गेलेल्या गाडीच्या किमतीत मोठा फरक पडतो, आणि उरलेलं कर्ज तुमच्याच नावावर राहतं. विकताना कर्ज पूर्ण फेडून फायनान्सची एनओसी आणि फॉर्म ३५ घ्या, एचपी उतरवा, नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून स्वतः आरटीओत जमा करा. "मी नावावर करून घेतो" म्हणून कोऱ्या सह्या घेऊन जाणाऱ्याला गाडी देऊ नका, आरसीवर तुमचं नाव असेपर्यंत चलन पण तुमचं आणि अपघात झाला तर कोर्टाचं समन्स पण तुमचंच. फास्टॅग त्याच दिवशी बंद करा.